पेनड्राइव्ह मिनिटभर पळतो, मग बसतो

प्रश्न: ताईच्या लग्नाचे ४० जीबी फोटो कॉपी करतोय. आधी सेकंदाला ८० एमबी, मिनिटभरात ९! ड्राइव्ह इस्त्रीसारखा तापलाय. पोर्ट निळा आहे, म्हणजे वेगवान यूएसबी ३.० हवा; तरी जुना, हळू २.० असेल का?

उत्तर: नाही. २.० पोर्ट ३५-४० च्या वर फारसा जात नाही. स्वस्त ड्राइव्हची कॅशे (पटकन लिहायची छोटी तात्पुरती जागा) भरली की त्याचा खरा वेग उघडा पडतो.

उत्तर: शिवाय सुट्या फायली, म्हणजे प्रत्येकीची नोंद वेगळी. झिप करून एकच फाइल करा. ड्राइव्हची फाइल सिस्टिम (फायली ठेवायची पद्धत) जुनी फॅट३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल घेणार नाही, आधी फॉरमॅट करून एक्सफॅट करा. फॉरमॅटने आतलं सगळं जातं हं!

प्रश्नकर्ता: केलं. १५ वर टिकला, पाऊण तासात काम झालं. दाजींचे तीन फोन येऊन गेले तेवढ्यात.