सल्ला हवा: १९७१ च्या एमजी बी गाडीच्या पुढच्या डिस्क आणि व्हील स्टड बदलण्याविषयी

पाचपाखाडीकर:
नमस्कार. माझ्याकडे १९७१ सालची, रोस्टाइल (दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या) चाकांची एमजी बी रोडस्टर आहे. वडिलांच्या पश्चात गेली सहा वर्षे मीच तिची निगा राखतो. या पावसाळ्यात ती तीन महिने सोसायटीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये उभी होती. बाहेर काढल्यावर ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थरथरू लागले. चाके उतरवून पाहिली, तेव्हा पुढच्या दोन्ही डिस्कवर, पॅड जिथे टेकून राहिले होते नेमक्या त्या जागी, गंजाचे खोल चट्टे दिसले. त्यातच मध्यंतरी पंक्चर काढताना एका टायरवाल्याने हवेच्या गनने नट आवळले होते, त्यामुळे डाव्या पुढच्या चाकाच्या एका स्टडचे (ज्यावर चाक चढवून नट आवळतात त्या आटेदार खिळीचे) आटे पार गेले आहेत.

ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की डिस्क लेथवर घासून घ्याव्यात आणि त्या स्टडच्या जागी मारुतीचा स्टड ठोकावा, कारण आपला नट त्यावर व्यवस्थित फिरतो. त्याने तो माझ्यासमोर फिरवूनही दाखवला. तरीही मन तयार होत नाही. हे योग्य आहे का, आणि नसल्यास ठाणे किंवा नवी मुंबईत हे काम कोठे व कसे करून घ्यावे?

नेरूळ_रोडस्टर:
तुमची शंका रास्त आहे. आधी स्टडचे सांगतो, कारण डिस्क खराब असली तर गाडी थरथरते, स्टड तुटले तर चाकच निघून जाते. एमजी बीचा स्टड अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर इंचाला २० आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.२७ मिलिमीटर पडते. मारुतीचा स्टड १२ मिलिमीटरचा असून त्याचे हे अंतर १.२५ आहे. अंतर जवळपास सारखे असल्यामुळे नट विनासायास फिरतो आणि फसवणूक तिथेच होते. स्टड ०.७ मिलिमीटरने बारीक असल्यामुळे नटाचे आटे त्याला केवळ टोकाटोकांनी धरतात आणि पकड जवळपास निम्मीच उरते. मोकळ्या हाताने हे मुळीच कळत नाही, पूर्ण ताकदीने आवळल्यावर किंवा गायमुखच्या उतारावर जोरात ब्रेक मारल्यावर कळते. कृपया हा मार्ग स्वीकारू नका.

डिस्क घासून घेण्याविषयी माझे मत इतके टोकाचे नाही, पण तुमच्या बाबतीत उत्तर नाही असेच आहे. या गाडीची डिस्क सलग, मधे हवेच्या पोकळ्या नसलेली असते आणि नवी असतानाच तिची जाडी ०.३४० ते ०.३५० इंच, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास असते. खोल चट्टे जाईपर्यंत दोन्ही बाजूंनी घासल्यास उष्णता सामावून घ्यायला धातूच उरत नाही. डिस्क दोन्ही चाकांच्या जोडीने बदला आणि पॅडही नवेच घाला. हे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने मिळतात. मी मॉस या तिथल्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून मागवले होते. सीमाशुल्क धरून खर्च वाढतो, पण डिस्क, पॅड, स्टड, हबचे (ज्यावर चाक बसते त्या फिरत्या भागाचे) सील आणि स्प्लिट पिना एकाच खोक्यात मागवल्यास तो वसूल होतो.

वागळे_मशीनशॉप:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आमच्याकडे असे हब अधूनमधून येतात, म्हणून दोन गोष्टी जोडतो. एमजी बीमध्ये डिस्क हबच्या मागच्या बाजूस चार बोल्टने बांधलेली असल्यामुळे हब बाहेर काढल्याशिवाय ती निघत नाही, आणि हब बाहेर आलेच आहे तर स्टडही त्याच बैठकीत बदलून घ्यावेत. एकच नव्हे, त्या हबचे चारही बदला, कारण गनने एक खराब झाला म्हणजे शेजारच्यांवरही ताण पडलेला असतो. जुना स्टड हातोड्याने ठोकून काढू नये, हबची कड वाकते. हायड्रॉलिक प्रेसवर, स्टडच्या भोवती जाड नळीचा आधार देऊन तो दाबून काढावा आणि नवाही तसाच बसवावा. नट आवळून स्टड आत ओढून घेण्याची पद्धत सर्रास दिसते, मात्र त्यात नव्या स्टडचे आटे पहिल्याच दिवशी ताणले जातात. वागळे इस्टेट, रबाळे आणि तुर्भे येथील एमआयडीसीत प्रेस असलेली कितीतरी लहान मशीन शॉप आहेत, हे काम तासाभराचे आहे. लेथवर साध्या लोखंडाचा स्टड वळवून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर नम्रपणे नकार द्या.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. हब ओढून काढताना आत दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि पातळ शिम (चकत्या) निघतील, ते हरवू देऊ नका. अनेक मेकॅनिक ते बाजूला ठेवून हबचा मधला नट हाताच्या अंदाजाने बसवतात. या गाडीत तो नट ४० ते ७० फूट-पौंडाने (आवळण्याच्या जोराचे माप) घट्टच आवळायचा असतो आणि बेअरिंगची मोकळीक शिमने ०.००२ ते ०.००४ इंच ठेवायची असते. स्पेसरमुळे स्टब ॲक्सलला, म्हणजे हब ज्यावर फिरते त्या दांड्याला, बळकटी येते, तो काढून टाकल्यास ॲक्सल वाकण्याचा ताण एकटा सोसतो.

पाचपाखाडीकर:
दोघांचे मनापासून आभार. नवी डिस्क बसवल्यावर काय तपासावे? आणि चाकाचे नट किती आवळावेत?

नेरूळ_रोडस्टर:
हबचा डिस्क टेकणारा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा. जोडणी झाल्यावर कडेजवळ डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून डिस्क फिरवा, डगमग ०.००३ इंचांहून अधिक नसावी. अधिक आढळल्यास डिस्क हबवर एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा मोजा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. काम चालू असताना कॅलिपर (पॅड धरणारा भाग) तारेने वर बांधून ठेवा, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू देऊ नका. आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी शोषून घेते, तेही याच वेळी बदलून टाका. चाकाचे नट कोरड्या आट्यांवर, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने ६० ते ६५ फूट-पौंड आवळा. टायरवाल्याकडे गेलात तर शेवटचे आवळणे स्वतःच्या हाताने करा.

पाचपाखाडीकर:
काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. उजवीकडची डगमग ०.००२ इंच आली, डावीकडची आधी ०.००५ होती, ती डिस्क एक बोल्ट पुढे सरकवल्यावर ०.००२५ झाली. मेकॅनिकला एमजीचा आणि मारुतीचा असे दोन्ही स्टड व्हर्नियरने मोजून दाखवले, तेव्हा त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिले आणि त्यांच्याकडे येणाऱ्या आणखी एका जुन्या गाडीचे स्टड तपासायला घेतले. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, घोडबंदर रस्त्यावर मध्यम वेगातून दहा वेळा हलके ब्रेक मारून, मधे डिस्क निवू देत नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसू दिले. थरथर पूर्ण थांबली आहे. ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले, डाव्या चाकाचे दोन किंचित फिरले.