नाताळातली ट्रेल रेस: बूट कोणते?
नाताळाच्या सुट्टीत इंग्लंडमध्ये, चिल्टर्न्सच्या टेकड्यांतल्या ट्रेल रेसला (कच्च्या वाटांवरून धावायच्या शर्यतीला) रोजचे रस्त्यावर धावायचे बूट चालतील का, असं विचारलंय. माझं उत्तर: नको. या टेकड्या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाच्या, पण माथ्यावर बऱ्याच ठिकाणी गारगोट्या मिसळलेली चिकणमाती आहे. डिसेंबरच्या पावसात ती तळव्याला अशी धरते की पाय उचलवत नाही. तळव्याचे दाते सहा ते आठ मिलिमीटर खोल आणि विरळ हवेत. दाट असले की चिखल अडकून बसतो. ओला उघडा खडू मात्र साबणासारखा. तिथे कुठलेच बूट पुरते टिकाव धरत नाहीत, उतारावर पावलं छोटी टाका.

वॉटरप्रूफ बूट घ्या, असा सल्ला कुणी दिलाय, तो मला पटत नाही. डबक्यात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग निघत नाही. त्यापेक्षा जाळीचे बूट, लोकरीचे पातळ मोजे आणि नाडीला दुहेरी गाठ. डबकं टाळायला कडेनं जाऊ नका, वाट उगाच रुंदावते. शक्यतो मधूनच जा (थंडी वाजतेच, इलाज नाही). वेळेचं लक्ष्य घरी ठेवा.

नंतर बूट हीटरवर वाळवू नका, तळव्याचा चिकटा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आणि गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरा, नाहीतर पुढच्या वर्षी ट्रेननं जावं लागेल!