पुरणपोळी पंपाला सांगावीच लागते

एकाने विचारलंय की मधुमेहासाठी स्वयंचलित इन्सुलिन पंप लावला की पुरणपोळी बिनधास्त खाता येईल का. नाही हो! २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला मेडट्रॉनिक कंपनीचा ६७०जी पंप घ्या की नंतरचा ७८०जी, अंगावरचा सेन्सर दर ५ मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवतो, पंप त्यावर इन्सुलिन कमी-जास्त करतो. पण ताटात काय वाढलंय हे त्याला कसं कळणार? कर्बोदकांचे ग्रॅम आपणच टाकायचे, तेही जेवणाआधी. इन्सुलिनचा जोर चढेपर्यंत गूळ रक्तात पोचलेला असतो.

खरा फायदा रात्री. साखर उतरू लागली की पंप आपणहून हात आखडता घेतो, टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असलेल्या पोराच्या आईला झोप मिळते (बऱ्यापैकी तरी).

आणि पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, दीर्घकाळ टिकणारं नाही. पोटावरची बारीक नळी मुडपली तर काही तासांत रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी तयार होणारी आम्लं) वाढतात. इन्सुलिनचं पेन घरात ठेवाच.