घरी ड्राय जिन स्लिंग करायचीय, चेरी ब्रँडीशिवाय जमेल का?

गोदाकाठ
मंडळी, शनिवारी नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून मुक्कामाला येतायत. दोघांनाही गोड ड्रिंक चालत नाही, आणि नणंदबाईंनी फोनवर खास जिन स्लिंगची फर्माईश केलीय. लंडन ड्राय जिन आणलीय, घरात सोडा, कागदी लिंबं, बिटर्सची (थेंबाथेंबाने घालतात तो कडू अर्क) छोटी बाटली आहे. पण नेटवर बघावं तर चेरी ब्रँडी, अननसाचा रस, वर आणखी दोन लिकर! कॉलेज रोडला विचारलं तर एक मिळतंय, दुसरं नाही. शेकरही नाही. काय करू?

जुना बारवाला
ताई, तुम्ही पाहिलीत ती सिंगापूर स्लिंग. रॅफल्स हॉटेलातल्या न्याम टाँग बून या बारटेंडरच्या नावावर आहे, साल साधारण १९१५ सांगतात. चांगलीच असते, पण ती फळांची आणि गोडाची. साधी स्लिंग तिच्या आधी शंभरेक वर्षं तरी पीत होते. १८०६ सालच्या एका अमेरिकी वर्तमानपत्रात कॉकटेल म्हणजे काय ते सांगताना ‘बिटर्स घातलेली स्लिंग’ असंच लिहिलंय. दारू, साखर, पाणी, बस्स. लिंबू आणि सोडा मागाहून आले. तुमच्याकडे सगळं आहे, एक पैसा खर्च करू नका.

एका उंच ग्लासला जिन ६० मिली, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक १०, सोडा ९० च्या आसपास. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण स्वच्छ धुऊन घ्या. पाक म्हणजे गुलाबजामचा एकतारी नव्हे. समभाग साखर आणि कोमट पाणी, साखर विरघळली की झाला.

लिंबू मात्र हलक्या हाताने पिळा. आपण सरबताला शेवटचा थेंब निघेस्तोवर पिळतो, त्यात सालीचा आणि बियांचा कडूपणा उतरतो. सरबतात तो साखरेखाली झाकला जातो, इथे साखरच कमी, त्यामुळे लगेच जिभेला लागतो.

जिन, रस, पाक ग्लासात घ्या, बर्फ घाला आणि लांब चमच्याने ढवळत राहा. ग्लासला बाहेरून दव धरलं की थांबा. बर्फाचं वितळलेलं पाणी हा या ड्रिंकचा भागच आहे, तेवढ्याने जिनचा तिखटपणा बसतो. मग थोडा ताजा बर्फ, सोडा कडेकडेने, आणि चमचा तळापासून एकदाच वर. सोडा ढवळत बसलात तर मेला म्हणून समजा. वर बिटर्सचे दोन शिंतोडे.

शेवटी जायफळ. हे विसरू नका, जुन्या स्लिंगची ओळखच ती. डब्यातली पूड नको. अख्खं जायफळ बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवा, श्रीखंडाला घालतो त्याहून कमी. बुडबुड्यांवर ते तरंगत राहतं आणि ग्लास तोंडाशी नेताना जिनच्या आधी त्याचा वास येतो. मला या सगळ्यात तोच क्षण सगळ्यात आवडतो.

सिडको_स्पिरिट
सोड्याऐवजी टॉनिक घातलं तर? आमच्याकडे तेच असतं.

जुना बारवाला
टॉनिकमध्ये साखर आणि क्विनाइन दोन्ही असतात. मग ते जिन अँड टॉनिक झालं. या पाहुण्यांना गोड नकोय, साधा सोडाच घ्या.

द्राक्षबाग
नाशकात राहून वाइन नाही? सोडा निम्मा करून थंडगार शेनिन ब्लांक घाला. आमच्याकडे उन्हाळ्यात असंच करतात.

जुना बारवाला
चवीला बरं लागेल, नाही म्हणत नाही. पण पाण्याच्या जागी दारू आली, म्हणजे ग्लास चांगलाच कडक झाला. पाहुण्यांना सांगून द्या. आणि पाक निम्मा करा, काही शेनिनमध्ये थोडी गोडी असते.

पंचवटीकर
बर्फाकडे लक्ष द्या. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास हमखास धरतो. शुक्रवारी रात्रीच झाकणाच्या डब्यात वेगळा लावा. मोठे तुकडे सावकाश वितळतात. आणि परमिट काढून ठेवा, आपल्या राज्यात जिनला वय २५ पूर्ण लागतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार! जायफळ आहेच घरात. दादा, सहा ग्लास लागतील. आधी कालवून ठेवता येईल का? नाहीतर मी सगळा वेळ स्वयंपाकघरातच.

जुना बारवाला
येईल की. जिन ३६०, रस १२०, पाक ६० एका काचेच्या बाटलीत, पाहुणे यायच्या दोनेक तास आधी, आणि फ्रीजमध्ये. रस आदल्या दिवशी काढू नका, त्याचा ताजेपणा जातो. प्रत्येक ग्लासात यातलं ९० मिली घाला. बर्फ, ढवळणं, सोडा, बिटर्स आणि जायफळ त्या त्या वेळी. यजमानांना आणखी ड्राय हवं असेल तर बाटली भरताना पाक ६० ऐवजी ४० घ्या, मग पहिला ग्लास चाखून वाटलं तर वाढवा.