इरावतीबाई: वारी आणि कवट्या

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हटलं की लोक त्या पुण्यात स्कूटर चालवायच्या यावरच अडकतात, ही या चर्चेत एकाने केलेली तक्रार रास्त आहे. पण ‘खासगी आयुष्य बाजूला ठेवून फक्त संशोधनाबद्दल बोला’ हे त्याचं पुढचं म्हणणं काही पटलं नाही. बाईंच्या बाबतीत तशी फाळणी करताच येत नाही.

पंढरपूरच्या वारीबद्दल त्यांनी लिहिलं तेच घ्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणं वेगळी होतात, हे त्यांनी टिपलंच. पण त्या मराठा बायकांबरोबर जेवायलाही बसल्या, आणि त्यानंतर त्या बायका कशा मोकळेपणाने वागू लागल्या तेही लिहिलं. कुठल्या प्रश्नावलीत हे सापडणार?

याच बाईंनी बर्लिनला यूजेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजल्या होत्या आणि गुरूच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला आकडे साथ देत नाहीत, असा निष्कर्ष काढला होता. तोही त्या काळातल्या जर्मनीत! डेक्कन कॉलेजातलं पुढचं काम, १९५३चा नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ (मामाच्या मुलीशी लग्न दक्षिणेत चालतं, उत्तरेत का नाही, वगैरे) बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी केलेल्या कोयना धरणग्रस्तांच्या पाहणीबद्दल मात्र या चर्चेत अजून कुणीच बोललेलं नाही. कुणी वाचली असेल तर जरूर लिहा.