मेघनाद साहांनी खासदार होऊन चार वर्षं वाया घालवली का?

होटगी_रोड :
रविवारी घरात जरा राडा झाला, त्यावरनं धागा काढलालो. भाचा फिजिक्स घेऊन एमएस्सी झालाय, मार्क चांगले, पीएचडीला जागा मिळेल असं त्याचे सर म्हणलालेत, आणि हा पठ्ठ्या म्हणतोय मी महापालिकेला अपक्ष उभा राहतो. का तर उजनी धरण काठोकाठ भरलं तरी सोलापुरात आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, हे कोडं मलाच सोडवायचंय. मी समजवायला गेलो तर त्यानं मेघनाद साहा काढले.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ढाक्याजवळच्या खेड्यात 1893 ला जन्म. 1920 मध्ये एक समीकरण मांडलं, की अमुक तापमान आणि अमुक दाब असला तर वायूतल्या किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील. ऐकायला साधं वाटतंय, पण तोवर ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे नुसते गोळा करून ठेवलेले, वाचता कुणाला येत नव्हते. ते वाचायला यांच्यामुळं यायला लागले. पुढं 1925 ला सेसिलिया पेन या खगोलशास्त्रज्ञ बाईनं याच समीकरणावरनं तारे मुख्यतः हायड्रोजनचे असतात हे दाखवलं. नोबेलसाठी साहांचं नाव बऱ्याचदा गेलं, मिळालं नाही. आणि हा माणूस 1952 ला पहिल्या लोकसभेत कलकत्त्यातनं डाव्यांच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून गेला, 1956 ला वारला.

माझं म्हणणं सरळ आहे, ती चार वर्षं पाण्यात गेली. सगळं बहुमत नेहरूंच्या मागं, अपक्षानं कितीही घसा कोरडा केला तरी काय होणार? 1954 च्या मे महिन्यात यांनी अणुऊर्जेवर सभागृहात चर्चा घडवून आणली, एवढी गुप्तता कशाला, विद्यापीठांना लांब का ठेवता म्हणून. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा, त्यांचं काय अडलं? ऑगस्टमध्ये अणुऊर्जेचं स्वतंत्र खातंच निघालं आणि सचिव कोण तर भाभा.

शेंगाचटणी :
भाच्याचा प्रभाग कुठला बे? निवडून आला तर आमच्या गल्लीत पाणी सोड म्हणावं. साहांचं नंतर बघू.

निवृत्त_मास्तर :
होटगीरोडराव, तुम्ही 1952 पासून मोजायलात तिथंच गडबड आहे. साहा राजकारणात म्हातारपणी आले असं नाही. घरची परिस्थिती अशी की शिकायला दुसऱ्या गावात एका डॉक्टरांच्या घरी राहावं लागलं आणि त्या बदल्यात त्यांची गाय सांभाळायची. 1905 ला बंगालची फाळणी झाली तेव्हा हे ढाक्यात शाळेत, वय बारा. गव्हर्नर शाळेला भेट देणार म्हणून पोरांनी बहिष्कार टाकला त्यात हे होते, झालं, शाळेतनं नाव गेलं, शिष्यवृत्ती गेली. पुढं कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात सत्येंद्रनाथ बोससारखा वर्गमित्र, जगदीशचंद्र बोस शिकवायला, आणि वसतिगृहात काय, तर जातीमुळं बाकीच्या मुलांच्या पंगतीला बसू देईनात. अशा माणसाला तुम्ही सांगायचं की बाबा तू तारे बघ, जमिनीवरचं आम्ही बघतो?

आणि वाया गेली म्हणता त्या चार वर्षांआधीच त्यांची संस्था उभी होती की. 1950 ला कलकत्त्यात अणुभौतिकीची संस्था सुरू झाली, उद्घाटनाला नोबेलवाल्या शास्त्रज्ञ इरेन जोलिओ-क्युरी आल्या होत्या. पोरांना सायक्लोट्रॉन (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) वगैरे शब्द पाठ होते ते ह्यांच्यामुळं (आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा धड व्होल्टमीटर नव्हता, असो). निवडणुकीला पैसे नव्हते तर उष्णतेवरच्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाकडं पाच हजार रुपये आगाऊ मागितले. आजकाल उमेदवार कुणाकडनं आगाऊ घेतात ते मी सांगायला नको.

होटगी_रोड :
सर, त्यांच्या कष्टाला माझा दंडवतच आहे. पण गरिबी सोसली म्हणून खासदारकी यशस्वी झाली असं कुठं होतंय? मी निकाल विचारलालो.

जुनी_मिल_चाळ :
निकाल लोकसभेच्या आधीचाच मोठा आहे, तो घ्या. 1938 ला सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, नेहरू अध्यक्ष, आणि अशी समिती हवी म्हणून मागं लागलेल्यांत साहा पुढं. (अवांतर: त्याच वर्षी, त्याच सुभाषबाबूंच्या पुढाकारानं आपले डॉ. कोटणीस चीनला गेले. सोलापूरकरांना एवढं तरी ठाऊक पाहिजे.) चरख्यानं आणि बैलगाडीनं देशाची गरिबी जाणार नाही, वीज पाहिजे, पोलाद पाहिजे, रसायनं पाहिजेत, हे ते खादीच्या ऐन जमान्यात उघड लिहीत होते. माझा आजोबा मिलमध्ये साच्यावर होता, त्याला हे कुणी समजवायची गरज नव्हती, भोंगा झाला की अख्खं गाव उठायचं.

पूर्व_भाग :
आणि मिल बंद पडली तेव्हा अख्खं गाव झोपलं, ते पण सांगा की. मोठं कारखानं आलं म्हणजे प्रश्न सुटला असं म्हणणारे सगळे लांबनं बोलणारे असतात. आमच्या घरात हातमाग होता, मग यंत्रमाग आला, चादरी झाल्या, टॉवेल झाले, आता सुताचा भाव बघितला की रात्री झोप येत नाही. चरखा नको हे बरोबर असेल पण मागावर बसलेल्या माणसाचं काय ते कुठल्या समीकरणात बसतंय? शास्त्रज्ञ राजकारणात आला की हेच होतंय, त्याला माणसं वायूच्या अणूसारखी दिसतात.

भीमाकाठी :
पूर्व भाग +१. मी उजनीच्या धरणग्रस्तातला. साहांचं दामोदरचं प्रकरण वाचलंय मी. 1943 च्या पुरानंतर त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी नदीच्या खोऱ्यासारखी धरणांची योजना इथं करा म्हणून लिहून लिहून सरकारला हलवलं, 1948 ला दामोदर खोरे महामंडळ झालं. आराखडा आठ धरणांचा, पहिल्या टप्प्यात झाली चार, तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. गावं बुडाली ती बुडालीच आणि खालच्या अंगाला पूर अजून येतोय. आमचं पण तसंच, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतंय आणि लोक फोटो काढायला येतात. आमची आजी तिथं बघायची पण नाही.

निवृत्त_मास्तर :
भीमाकाठी, तुमचं दुःख खरं आहे, पण आठातली चारच बांधायची हे काही साहांनी ठरवलं नव्हतं. डॉक्टरनं दहा दिवसाचं औषध दिलं आणि आपण पाच दिवसात सोडलं तर डॉक्टरच्या नावानं शिमगा करायचा का?

भीमाकाठी :
मास्तर, औषध तुम्ही घेतलं नव्हतं, आम्ही घेतलं.

पंचांग_गल्ली :
सगळे मोठमोठं बोलताय, माणसानं खासदार असताना केलेलं सगळ्यात टिकलेलं काम राहिलंच. 1952 ला दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली, अध्यक्ष साहा. तेव्हा देशात तीसेक वेगवेगळी कॅलेंडरं चालू होती. घरोघरी असतं ते दाते पंचांग आपल्या सोलापुरातनंच निघतंय, मी छपाईच्या धंद्यात आयुष्य काढलं, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. भानगड अशी की पंचांगाच्या जुन्या गणितातलं वर्ष खऱ्या ऋतूंच्या वर्षापेक्षा थोडं लांब, फरक काही मिनिटांचाच, पण शेकडो वर्षं साचत गेला आणि तेवीस दिवसांवर आला. सूर्य खरा उत्तरेकडं वळतो 22 डिसेंबरला, आणि आपण संक्रांत करतो जानेवारीच्या मध्याला. साहांच्या कॅलेंडरात 22 डिसेंबर म्हणजे बरोबर 1 पौष. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत 14 जानेवारीला संक्रांत येते तेव्हा त्यांच्या हिशेबानं 24 पौष झालेला असतोय! म्हणून काय यात्रेतल्या मिरवणुकीचे नंदीध्वज तेवीस दिवस आधी काढायचे का? साहा तेवढे हुशार होते, सण जुन्या गणिताच्या जवळपास राहू दिले आणि सरकारी तारखा तेवढ्या ऋतूंना बांधल्या. 22 मार्च 1957 ला 1 चैत्र शके 1879 धरून ते चालू झालं. बघायला ते नव्हते, वर्षभर आधीच गेले, दिल्लीत नियोजन आयोगाच्या ऑफिसकडं चालत जाताना.

होटगी_रोड :
काका, लेख लिहा यावर. पण हे कॅलेंडर वापरतंय कोण? आज सौर तारीख काय, न बघता सांगा. मी शंभर जणांना विचारलं तर एकाला येणार नाही.

बँकेतली_बाई :
मला यायची, नोकरीत असताना. चेकवर शके तारीख घातली तरी चेक घ्यावा लागतोय, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. एक आजोबा मुद्दाम तशीच तारीख घालायचे आणि काउंटरवरच्या नव्या पोरी घाबरून माझ्याकडं पळत यायच्या. राज्याच्या राजपत्रावर पण असतीय बघा, इंग्रजी तारखेशेजारी. तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पण बारीक अक्षरात असेल, चष्मा लावून बघा.

होटगी_रोड :
बघितलं. आहे. एवढी वर्षं ती दूधवाल्याची सही वाटायची.
तरी माझं मत तेच, समितीवर बसायला खासदार कशाला व्हावं लागतंय? शास्त्रज्ञ म्हणून पण बोलावलं असतं.

पूर्व_भाग :
हे पटलं. सल्ला द्यावा, सत्ता दुसऱ्यानं बघावी.

निवृत्त_मास्तर :
सल्ला देणाऱ्याला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. अणुऊर्जेवर प्रश्न विचारला तेव्हा पंतप्रधानांना सभागृहात उभं राहून बोलावं लागलं, ते प्रोफेसर साहांच्या पत्रानं झालं असतं का? होटगीरोडराव, भाच्याला माझा नंबर द्या.

होटगी_रोड :
भाचा आत्ताच येऊन गेला. म्हणलालाय मामा, अनामत रकमेचे पैसे उसने दे. मी विचारलं पीएचडीच्या फॉर्मचं काय, तर म्हणतो त्याची फी पण तूच दे, दोन्ही भरतो.

शेंगाचटणी :
प्रभाग अजून सांगितला नाहीस बे.