परदेशात घर मांडताना: सोबत आणलेल्या विजेच्या उपकरणांचे अनुभव

अमेरिकेत आलो तेव्हा आईने ७५० वॉटचा मिक्सर कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरून दिला होता. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, एवढं माहीत होतं. म्हणून ५०० वॉटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतला. चार-पाच वेळा वापरला आणि जळका वास आला. मिक्सर वाचला, ट्रान्सफॉर्मर गेला. सुरू होताना आणि भांडं भरलेलं असताना मोटर लेबलावरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त करंट ओढते, हे नंतर समजलं. आता २००० वॉटचा आहे. जड आहे, पण पाच वर्षं मिक्सर छान चाललाय. तुम्ही काय आणलं, काय चाललं, काय जळलं? नव्याने येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहा.

*

लॅपटॉप आणि फोनची चिंता नको. चार्जरवर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असलं की पिना बदलणारा साधा अडॅप्टर पुरतो.

*

मी इस्त्री नुसत्या अडॅप्टरवर लावली होती. जळली नाही, पण तापलीही नाही. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पावपट उरते; १००० वॉटच्या इस्त्रीला १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॉट मिळतात. उलटा प्रवास मात्र धोक्याचा. मैत्रिणीने इकडचा १२० व्होल्टचा हेअर ड्रायर सुट्टीत भारतात नेऊन तसाच लावला. साडेतीन पटींहून जास्त ताकद त्यात गेली, काही क्षणांत धूर. हात भाजला नाही हे नशीब.

*

जपानचं वेगळंच आहे. व्होल्ट सगळीकडे १००, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, आणि ती फाळणी आजही आहे. घरून आणलेला घड्याळाच्या तबकडीचा जुना टायमर टोकियोत ट्रान्सफॉर्मरवर बिनचूक चालायचा. ओसाकाला बदली झाली आणि तोच तासाला १२ मिनिटं पुढे धावू लागला. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं. पंखा, कॉम्प्रेसर असलं काही आणणाऱ्यांनी हे आधी तपासा.

*

ब्रिटनमध्ये व्होल्ट आणि हर्ट्झ आपलेच, फक्त प्लग वेगळा आणि त्याच्या आत फ्यूज. साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअरचा, त्यापुढे १३ चा. सॉकेटच्या भोकांवर झडप असते, अर्थिंगची लांब पिन आत गेली की ती उघडते. त्या भोकात पेन खुपसून दोन पिनांचा प्लग घुसवणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका, घरात लहान मुलं बघत असतात.

*

जर्मनीतही २३० व्होल्ट, म्हणून मी निर्धास्त होते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये बसवला आणि स्टीलच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या यायच्या. इथे अर्थिंग सॉकेटच्या कडेच्या पट्ट्यांतून येतं, त्या अडॅप्टरला ते नव्हतंच. त्याच दिवशी अर्थिंगवाला आणला.

*

बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले तेव्हा त्यांचा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नेब्युलायझर सोबत होता. ट्रान्सफॉर्मर होता, तरी मी तो लावला नाही. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नवा आणला. श्वासाच्या यंत्रावर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती.

*

पुढच्या महिन्यात कॅनडाला निघतेय. शिलाई मशीन न्यावं का? मोटर १०० वॉटची आहे.

*

ताई, जरूर न्या. तिथेही १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच. घरगुती मशीनची मोटर बहुधा कार्बन ब्रशची असते, तिला हर्ट्झचा फरक पडत नाही. निघण्याआधी मेकॅनिककडून खात्री करून घ्या. ३०० वॉटचा स्टेप-अप भरपूर होईल. मशीनमधला दिवाही २३० चाच असणार, तो त्याच जोडणीवर चालेल. पायाचं पेडल मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, माझं मोठ्या बॅगेत फुटलं होतं.